सही नसलेली ओळ

सिस्टर स्वीडलचा फोन आला तेव्हा मृणाल शेजवळ ऑफिसात नुकतीच येऊन टेकली होती. डब्याची पिशवीसुद्धा अजून खांद्यावरच होती. स्वीडल ही कल्याणच्या एका बालरुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाची मुख्य नर्स. उगाच फोन करणाऱ्यांतली ती नव्हे. आजही तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मृणालने पिशवी न उतरवताच ऐकायला सुरुवात केली.

तीन नंबरच्या पाळण्यातलं बाळ एक किलो चारशे ग्रॅमचं. त्याला सिरिंज पंपावर औषध लावलेलं होतं, तासाला अर्धा मिली. सकाळी सात ते आठच्या दरम्यान वीज दोनदा गेली आणि आली. आठ वाजता स्वीडलने पाहिलं तर पंपाच्या पडद्यावर अर्धा मिली गेल्याची नोंद होती, आणि सिरिंज मात्र जवळपास एक मिलीने रिकामी झालेली. हे तिच्या लक्षात आलं ते एका जुन्या सवयीमुळे. पडदा काहीही सांगो, ती दर तासाला सिरिंजवर मार्करने रेघ मारून ठेवायची. नव्या पोरी तिला त्यावरून हसायच्या. बाळाचे ठोके थोडे वाढले होते, ते आता खाली आले होते. बाळ ठीक होतं.

"पण मी रेघ मारलेली नसती ना, तर पडद्यावरच विश्वास ठेवला असता," स्वीडल म्हणाली. "तुझा पंप खोटं बोलला गं."

पंप खरोखरच तिचा होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या चौदा माणसांच्या कंपनीत सिरिंज पंप बनत, आणि त्यांच्या आतला प्रोग्रॅम मृणाल आठ वर्षं लिहीत आली होती. आधी चांगदेव सोनवणे सरांच्या हाताखाली आणि ते निवृत्त झाल्यापासून एकटी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत नऊ रुग्णालयांत त्यांचे चाळीस पंप लागलेले होते, बहुतेक सगळे तान्ह्या बाळांच्या कक्षात.

तिने स्वीडलला तो पंप बाजूला काढायला सांगितलं, आणि चालू करताना पडद्यावर जी सात अक्षरं उमटतात ती वाचून दाखवायला सांगितली. त्या अक्षरांवरून कळायचं की पंपात प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती भरलेली आहे. स्वीडलने वाचली. मृणालने कागदावर लिहून घेतली आणि दोनदा तपासली. मधली आवृत्ती.

आवृत्त्या तीन होत्या. अगदी जुन्या नऊ पंपांना बॅटरीच नव्हती; वीज गेली की ते ओरडून बंद पडायचे, बाकी काही नाही. त्यानंतरच्या बारा पंपांत मधली आवृत्ती होती, आणि नंतरच्या एकोणीस पंपांत नवी. वीज गेल्यावर पंप बॅटरीवर जातो त्या क्षणी मोटरने आतापर्यंत किती पावलं टाकली हा आकडा जपून ठेवावा लागतो. तो जपला नाही तर मोटर तीच पावलं पुन्हा टाकते आणि पडदा ती मोजत नाही. नव्या आवृत्तीत हा आकडा जपणारी ओळ होती. मृणालने फाइल उघडून बघितली. ओळ जागच्या जागी होती.

मग मधल्या आवृत्तीत ती होती का?

मालक ट्रेव्हर मिस्किटा तोवर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. कामगारांशी आणि डॉक्टरांशी तो एकाच आवाजात बोलायचा, आणि त्याला लांबण आवडत नसे.

"मला वकिलासारखं सांगू नको, मृणाल. किती पंप काढायचे?"

तिने सांगितलं की मधल्या आवृत्तीत ती ओळ नसेल तर दोष तोच आहे, आणि मग बारा पंप काढायचे. पण ती ओळ असेल, तर दोष दुसरीकडे कुठेतरी आहे, बहुधा दोन्ही आवृत्त्यांत, आणि मग एकतीस. ट्रेव्हरने तोंडातल्या तोंडात एकतीस हा आकडा म्हणून पाहिला. गोदामात बदलीला चौदाच पंप होते. बारांसाठी ते पुरत होते.

मधल्या आवृत्तीची फाइल उघडायला एरवी दहा सेकंद लागली असती. कंपनीचा सगळा प्रोग्रॅम, अगदी पहिल्या दिवसापासून, गिटच्या रेपोमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या सामाईक कोठारात होता: प्रत्येक बदल, तो कुणी केला, कधी केला, सगळं. मृणालने ती आवृत्ती मागितली आणि पडद्यावर आलं की फाइल वाचता येत नाही. तिने पुन्हा मागितली. मग संपूर्ण रेपोची तपासणी लावली. अकरा मिनिटांनी उत्तर आलं: सर्व्हरच्या डिस्कचा एक तुकडा खराब झालाय, आणि त्यात एक फाइल गेलीये. नेमकी ती.

सर्व्हर आणि वायरींचं काम बघणारा सुमित धावत येऊन बसला. त्याने बॅकअप उघडले. बॅकअप दर रविवारी व्हायचे, पण डिस्क कधी बिघडली ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ठेवलेल्या सहाही रविवारांत तोच तुकडा खराब होता. हरकत नाही, तो म्हणाला, पाच कॉम्प्युटरांवर पाच प्रती आहेत. त्याने पहिली उघडली. दुसरी. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि मृणालकडे बघायला लागला.

तिला आठवलं. सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर जुने होते, जागा कमी होती, आणि तिनेच अशी सोय करून दिली होती की जुना इतिहास प्रत्येकाने आपापल्याकडे साठवायचा नाही; तो सर्व्हरवरूनच वाचायचा. एखाद्याने नवं काही लिहिलं तरी ते एकदा सर्व्हरवर पोचलं की साफसफाईत त्याच्याकडून आपोआप उडायचं. त्या वेळी सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. मग कॉम्प्युटर बदलले, सोय तशीच राहिली.

"म्हणजे ताई, पाच प्रती आहेत म्हणून आपण मस्त झोपलेलो," सुमित हळूच म्हणाला, "आणि पाचही जण एकाच ताटात जेवत होते."

तो टोमणा नव्हता; भेदरला की तो असंच काहीतरी बोलायचा. मृणालने मान हलवली.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. गिटमध्ये ठेवलेल्या फाइलला क्रमांक माणूस देत नाही. फाइलीतल्या मजकुरावरूनच गणिताने चाळीस अक्षरांचा क्रमांक निघतो. मजकुरात एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी क्रमांक पार बदलतो. हरवलेल्या फाइलचा क्रमांक रेपोच्या यादीत होता. नऊ-एफ-तीन अशी त्याची सुरुवात. फाइल कुठून मिळाली, किंवा कुणी पुन्हा जशीच्या तशी लिहून काढली, तर त्या क्रमांकाशी ताडून बघता येईल. जुळला तर तीच. नाही जुळला तर नाही. त्यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नव्हता.

आणि यादीत बदलाची नोंदही होती. चौदा ऑक्टोबर दोन हजार बावीस. 'बॅटरी: किरकोळ दुरुस्ती.' नाव मृणाल शेजवळ.

तिला तो दिवस आठवेना. त्या महिन्यात वडील आयसीयूत होते आणि ती बाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायची, एवढं आठवत होतं. काय लिहिलं ते नाही. त्याच्या पुढची नोंद जानेवारीतली, नव्या आवृत्तीची, तीही तिचीच: 'सोनवणे सरांच्या सूचनेनुसार बदल.' सर तोवर निवृत्त झाले होते आणि घरून फोन करून काही ना काही सुचवायचे. ट्रेव्हरने ती नोंद वाचली आणि बोट टेकवलं. सरांनी सुचवलं आणि तू ती ओळ घातलीस, म्हणजे आधी नव्हती. सरळ आहे.

सुमितने टेबलावर नवा पंप लावला आणि भिंतीचं बटण वीस वेळा खालीवर केलं. पंप वीसही वेळा बरोबर चालला. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं: ऑक्टोबरात मृणालने बॅटरीचं काम केलं, आकडा जपायला विसरली, आणि तीन महिने असे बारा पंप विकले गेले.

तिच्या मनात आलं, तसं असू दे. आणि ते मनात आलं म्हणून ती दचकली. चूक तिची असेल तर बारा बाळांचा प्रश्न होता, आणि बदलीचे पंप तयार होते. तिची नसेल तर एकतीस, आणि हातात काहीच नाही. आपण गुन्हेगार ठरावं म्हणून कुणी देवाला हात जोडत असेल का? तिच्या घरी देव नव्हता, हातही जोडता येत नव्हते.

फाइल कुठे असू शकेल ते सुमितलाच सुचलं. सर निवृत्त झाले तीस नोव्हेंबरला. कंपनीने त्यांचा जुना लॅपटॉप त्यांनाच भेट दिला होता. त्यावरच्या प्रतीतला इतिहास ऑफिसबाहेर वाचता येणार नाही, पण ज्या फाइलींवर ते शेवटचं काम करत होते त्या फोल्डरात तशाच पडलेल्या असणार, साध्या फाइलींसारख्या. नोव्हेंबर म्हणजे ऑक्टोबरनंतर आणि जानेवारीआधी. म्हणजे मधली आवृत्ती.

बारा वाजून गेल्यावर मृणाल ठाकुर्लीला उतरली. निघताना ट्रेव्हरने सांगितलं होतं की टेम्पो तीनला सुटेल. तोवर तिने पुरावा आणला तर उत्तम, नाही आणला तरी बारा पंप बदलायचेच.

सरांच्या बायकोने, शालनकाकूंनी, दार उघडलं. जय भीम झाला, पाणी आलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून काकूंनी पुढचं काही विचारलं नाही. चांगदेव सर टेबलाशी शब्दकोडं सोडवत होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं; बाळाचं वजन, रेघा, हरवलेली फाइल. पाच प्रतींचं आपण काय करून ठेवलं होतं तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

लॅपटॉप कपाटात वरच्या फळीवर टॉवेलात गुंडाळलेला होता. "मला वाटलं हे धूड ह्यांनी माझ्या साड्यांना जागा उरू नये म्हणून ठेवलंय," काकू म्हणाल्या. चार्जर सापडायला वीस मिनिटं गेली, आणि बॅटरी मेलेली असल्यामुळे वायर लावूनही पडदा उजळायला आणखी दहा. त्या दहा मिनिटांत सरांनी विचारलं की बाळ मुलगा की मुलगी, आणि मृणालच्या लक्षात आलं की तिने ते विचारलंच नव्हतं.

फाइल होती.

मृणालने ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून खाली सरकत गेली. एकशे बाराव्या ओळीपाशी ती थांबली. आकडा जपणारी ओळ तिथे होती.

"ती माझी," सर शांतपणे म्हणाले. "तू ऑक्टोबरात दिलेली फाइल मी वाचली, आणि माझ्या लक्षात आलं की वीज गेल्यावर आकडा हरवेल. माझ्या प्रतीत मी ओळ घातली. जाण्याआधीची गडबड होती, ऑफिसात पाठवायची राहून गेली. मग जानेवारीत तुला फोनवर सांगितलं. आठवतं?"

तिला फोन आठवत होता. ती रिक्षात होती. ते काय म्हणाले ते आठवत नव्हतं, पण ते सांगत होते तसंच झालं असणार. सगळं बसत होतं. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगोलग तोंडात कडू आलं. ती म्हणाली, "म्हणजे चूक माझी होती, सर."

"चूक होती. तू एकटीची कशी? माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी महिनाभर पाठवली नाही."

आता फक्त ताडून बघायचं राहिलं. सरांनी त्या प्रतीत स्वतःची भर घातली होती; ती काढली की खाली मृणालची मूळ फाइल उरेल, आणि तिचा क्रमांक नऊ-एफ-तीनने सुरू होईल. सरांची एक पद्धत होती. ते दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला हात लावायचे तो शेजारी शेरा लिहून, आणि प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी 'चां.' आणि तारीख घालून. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. एकदा त्यांनी नुसती रिकामी ओळ वाढवून तिच्याखालीही सही केली होती. ह्या फाइलीत असे सतरा शेरे होते. मृणालने ते एकेक करून काढले, आणि एकशे बारावी ओळही काढली. क्रमांक काढला.

चार-शून्य-बी.

ती घाबरली नाही. सरांना नीटनेटकेपणाची हौस. ओळींच्या सुरुवातीला तिने टॅब दिले असणार आणि सरांनी लावून ठेवलेल्या सोयीने त्यांच्या आपोआप चार-चार मोकळ्या जागा झाल्या असणार. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, क्रमांकाला दिसतो. तिने जागांचे पुन्हा टॅब केले. सात-डी-दोन. फाइलच्या शेवटी ती एक रिकामी ओळ सोडायची, सोडून पाहिली. नाही. ओळी संपवण्याची खूण विंडोजवर वेगळी असते, तीही बदलून पाहिली. नाही. प्रत्येक वेळी चाळीस नवी अक्षरं यायची, आणि जवळ आलोय की लांब गेलोय हेसुद्धा त्यांतून कळत नव्हतं. ही गोष्ट तिला सगळ्यात भयंकर वाटत होती. एका टिंबाने चुकलेली फाइल आणि भलतीच फाइल, दोन्ही सारख्याच परक्या.

अडीच वाजले. काकूंनी पुढ्यात ठेवलेले पोहे गार झाले. ट्रेव्हरचा फोन आला. तिने ओळीचं सांगितलं, सरांना आठवतंय ते सांगितलं. पलीकडे त्याने सुटकेचा श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

"मग झालं ना? बारा. मी टेम्पो सोडतो, सुमितला बरोबर देतो. चौदाही नवेच पंप आहेत, लावले की काम झालं."

"पण क्रमांक जुळत नाहीये. टॅबमुळे असेल असं वाटलं, तेही बदलून पाहिले."

"टॅबचं असेल काहीतरी, तूच म्हणालीस. दोन वर्षांपूर्वीच्या मोकळ्या जागा शोधत बसायचंय का आता? तुझ्यावर कुणी ओरडणार नाही, मृणाल. घरी जा, झोप."

त्याने फोन ठेवला. तो प्रेमानेच बोलला होता. सरांनीही लॅपटॉप मिटायला हात पुढे केला होता. सगळ्यांना पटलं होतं, तिलाही पटलं होतं. चूक तिने मान्य केली होती आणि ती पाठीशी घालायला दोन भली माणसं तयार होती. न पटलेला फक्त तो क्रमांक. एम.एस्सी.ला असताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत न जुळणारं रीडिंग खोडायला मनाई होती. त्याभोवती चौकट काढायची आणि पुढे जायचं. चौकटी काढलेली रीडिंग्ज पुढे कधी कुणी बघायचं नाही, हेही तिला आठवलं.

आणखी तासभर टॅब आणि टिंबं उलटसुलट करून झाल्यावर तिने मूळ फाइल पुन्हा उघडली, काहीही न काढलेली, आणि सरांचे शेरे नुसते वाचत गेली. 'हे नाव बदलावे. चां.' 'येथे कंस नको होता, चालेल. चां.' 'छान. चां.' तिने एकशे बारावी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

तिच्याशेजारी शेरा नव्हता. सही नव्हती.

"सर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ह्या ओळीवर तुमची सही नाहीये."

"राहिली असेल."

"'छान' लिहून तुम्ही सही केलीये."

सर पडद्याजवळ वाकले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, जणू ओळ वाचताना ती आपली आहे का हे चाखून बघत होते. शालनकाकू दारात उभ्या होत्या. ते म्हणाले की त्यांना अगदी स्पष्ट आठवतंय, ह्याच खुर्चीत बसून टाइप केलेली. मग थांबले. मग म्हणाले की नाही, ही खुर्ची गेल्या वर्षीची आहे.

मृणालने सतरा शेरे काढले. टॅब केले. शेवटची रिकामी ओळ ठेवली. एकशे बारावी ओळ ह्या वेळी काढली नाही. एंटर दाबायच्या आधी तिचं बोट हवेतच राहिलं. आत्ता लॅपटॉप मिटला असता तर काय बिघडलं असतं, हे तिला अगदी नीट दिसत होतं: काहीच नाही. टेम्पो पोचला असता, बारा पंप बदलले असते, तिने आयुष्यभर एक चूक वागवली असती आणि सगळे तिच्याशी जरा जास्तच चांगले वागले असते. तिने एंटर दाबला.

नऊ-एफ-तीन.

तिने पुढची सदतीस अक्षरं एकेक करून यादीशी ताडली. कागदावर बोट ठेवून ताडली. मग लॅपटॉप सरांकडे वळवला आणि त्यांनाही ताडायला लावली. चाळीसही जुळली.

ओळ तिचीच होती. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून तिने ती बरोबर लिहिली होती. चूक तिथे नव्हती, आणि सकाळी बाळाच्या अंगात दुप्पट औषध गेलंच होतं. म्हणजे दोष दुसरीकडे होता. मधल्या आवृत्तीत होता आणि नव्या आवृत्तीतही नसेल असं म्हणायला आता वीस वेळा खालीवर केलेल्या त्या बटणाखेरीज कुठलाच आधार उरला नव्हता. एकतीस. आणि टेम्पोत होते ते चौदा.

ती ताडकन उठली तेव्हा पोह्यांची बशी खाली पडली.

सुमितने फोन पहिल्या घंटेला उचलला. टेम्पो तीनच्या आधीच सुटला होता, रस्ता मोकळा मिळाला होता, आणि ते कल्याणला स्वीडलच्याच रुग्णालयात पोचले होते. एक नंबरच्या पाळण्याला नवा पंप लावून झाला होता. दुसऱ्याचं खोकं उघडत होतो, तो म्हणाला.

"काढ तो," मृणाल म्हणाली. "आणि सिस्टरला फोन दे."

"ताई, आत्ताच लावलाय—"

"सुमित, क्रमांक जुळला. ओळ होती. तू लावतोयस तेही तसलेच आहेत."

पलीकडे खोकं खाली टेकल्याचा आवाज आला. मग पावलं वाजली. दुसऱ्या फोनवरून सर ट्रेव्हरला गाठत होते; त्यांनी नुसतं "एकतीस" म्हटलेलं तिला ऐकू आलं, आणि मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी मृणालला म्हणाले की ट्रेव्हर बाकीच्या आठही ठिकाणी स्वतः फोन करतोय, यादी काढून बसलाय.

स्वीडल फोनवर आली. मृणालने सांगितलं, कमीत कमी शब्दांत. तुमचे सगळे पंप बंद करा. जुना, नवा, आत्ता आणलेला, ज्याला ज्याला बॅटरी आहे तो प्रत्येक.

"माझ्याकडे चार बाळं लागलेली आहेत पंपावर."

"हो."

"बदली?"

"नाहीये."

"मग दोष कुठे आहे, ते तरी कळलंय का?"

खोटं बोलण्याइतका वेळ होता. "नाही," मृणाल म्हणाली. "सापडला असं वाटलं होतं. तो तिथे नाहीये."

स्वीडल चिडली नाही. तिने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण आवाज लांबून यायला लागला. तिने कुणाला तरी हाक मारून मायक्रोड्रिपचे, म्हणजे बारीक थेंबांच्या नळीचे, सेट मागवले, चारही. डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. आणि प्रत्येक पाळण्याशी एकेका पोरीला उभं केलं. थेंब मोजायचे, घड्याळ बघायचं, नजर हलवायची नाही. एकामागून एक चार पंप बंद झाल्याच्या चार शिट्ट्या ऐकू आल्या. मग एक कोवळा आवाज मोजायला लागला, एक, दोन, मध्ये मोठी जागा, तीन.

मृणालने फोन कापला नाही. तो तिने लॅपटॉपच्या शेजारी उताणा ठेवला. सरांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला, आणि पडद्याची एक बाजू आपल्याकडे वळवून घेतली. फाइल चारशे सहा ओळींची होती. संध्याकाळी सहानंतर कल्याणला वीज जायची. पण आता त्यावर काही अवलंबून नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि आठपैकी किती रुग्णालयांत ट्रेव्हरचा फोन अजून लागला नसेल याचा हिशेब तिचं मन आपोआप करत होतं.

चार, फोनमधली पोरगी म्हणाली. मध्ये पुन्हा मोठी जागा. पाच.

मृणाल पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.